अग्निशामक वाहने व वणवा-निवारण, चंद्रपूर-गडचिरोलीतील

अग्निशामक वाहने व वणवा-निवारण, चंद्रपूर-गडचिरोलीतील : पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत जंगलातील आगींशी सामना करण्यासाठी वनखाते, नगरपालिका व गावकरी यांनी वेळोवेळी अवलंबिलेली साधने आणि त्यांच्या निवडीचा इतिहास. ‘स्वयंसेवी अग्निशामक दल’ ही संज्ञा या भागात रूढ नाही; तथापि पगारी सेवक नसलेल्या गावकऱ्यांनी एकत्र येऊन आग विझविणे ही गोष्ट येथे अग्निशामक बंबाहून कितीतरी जुनी आहे. बंब नंतर आला आणि शहरासाठी आला. तो जंगलात नेता येईल काय, नेल्यास कोणत्या आकाराचा न्यावा आणि तो कोणाच्या ताब्यात असावा, हे प्रश्न त्यानंतरचे होत. त्यांची उत्तरे यंत्राच्या क्षमतेपेक्षा आगीचे स्वरूप आणि ती विझविणाऱ्याचा जंगलाशी असलेला संबंध यांवरच अधिक अवलंबून राहिली आहेत.

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून त्याचा सु. दोन-तृतीयांश भाग वनाच्छादित आहे. चंद्रपूरचे क्षेत्रफळ ११,४४३ चौ. किमी. असून तेथे हे प्रमाण सु. एक-तृतीयांश आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा सर्व प्रदेश चंद्रपूर (पूर्वीचे चांदा) जिल्ह्यातच मोडत असे. येथील वने मुख्यत्वे शुष्क पानझडी प्रकारची असून त्यांत साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू, चारोळी हे वृक्ष व त्यांखाली बांबूची बेटे आढळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होऊन जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर साचतो. पुढील तीन महिन्यांत तापमान ४५° से.च्याही वर जाते व नाल्यांचे पाणी आटते. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा हंगाम मानते, तो यामुळेच.

या वनांतील आग बहुधा भूपृष्ठावरून सरकणारी असते. ती शेंड्यांवरून धावत नाही. पाचोळा, वाळलेले गवत व पडलेल्या काटक्या जाळीत पुढे जाते. तिच्या ज्वाला सामान्यतः माणसाच्या कमरेच्या खालीच राहतात; मात्र वाळलेल्या बांबूच्या बेटात शिरल्यास किंवा वाऱ्यामागोमाग टेकडी चढू लागल्यास तिला आवरणे कठीण जाते. बांबू दीर्घ अंतराने एकदाच फुलतो व त्यानंतर संपूर्ण बेट वाळून जाते. अशा वर्षांत जळाऊ द्रव्य अनेक पटींनी वाढते. रात्री हवेतील आर्द्रता वाढून व वारा पडून आगीचा जोर ओसरतो. जुने वनमजूर दुपारच्या आगीच्या तोंडाशी झुंजत न बसता संध्याकाळनंतर तिच्या बगलेवर काम करतात, ते याच कारणाने. अशा आगीला पाणी लागतच नाही असे नव्हे. परंतु तिच्यापुढचा पाचोळा दूर केला, की ती उपासमारीने मरते. या एका गोष्टीचा साधनांच्या निवडीवर सर्वांत मोठा परिणाम झालेला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १८५४ मध्ये नागपूर संस्थान खालसा झाल्यावर चांदा प्रदेश ब्रिटिश अंमलाखाली आला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतांत समाविष्ट झाला. त्या दशकात मध्य प्रांतांचे पहिले वनसंरक्षक जी. एफ. पिअरसन यांनी सातपुड्यातील बोरी येथील जंगलात वणवा-प्रतिबंधाचा पद्धतशीर प्रयोग केला. जंगलाचे भाग पाडून त्यांच्या सीमांवरील गवत व पाला हंगामापूर्वीच जाळून टाकावयाचा आणि हंगामभर त्या सीमांवर पहारा ठेवावयाचा, ही त्या प्रयोगाची रीत होती. हंगामापूर्वी जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यास ‘जाळरेषा’ म्हणतात. वनाच्या बाह्य सीमेवर ती रुंद, तर आतील कक्षांच्या सीमांवर अरुंद ठेवली जाते. सामान्यतः ६ ते १२ मी. हे माप आढळते. चांद्याच्या आलापल्लीसारख्या सागवानी जंगलांतही हीच रीत रुजली. दीडशे वर्षांनंतरही वनखात्याच्या वणवा-निवारणाचा कणा जाळरेषा हाच आहे.

या व्यवस्थेला मनुष्यबळ कोठून मिळावे, याची सोय कायद्याने केली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ७९ नुसार राखीव अथवा संरक्षित वनात ज्याला कसलाही हक्क आहे किंवा जेथून वनोपज नेण्याची ज्याला परवानगी आहे, त्याने आगीची वार्ता वनाधिकाऱ्यास अथवा पोलिसास कळविली पाहिजे आणि कोणी सांगण्याची वाट न पाहता ती विझविण्याच्या कामास लागले पाहिजे. जवळच्या गावातील सरकारी मानधन घेणाऱ्यांवरही तेच बंधन आहे. उलट कलम २६ नुसार राखीव वनात हेतुपुरस्सर अथवा गंभीर निष्काळजीपणाने आग लागल्यास तेथील चराई व वनोपजाचे हक्क काही काळापुरते स्थगित करता येतात. गावकऱ्यांचे अग्निशामक दल येथे असे सक्तीतून जन्मले. त्याला गणवेश नव्हता, वेतन नव्हते आणि वाहनही नव्हते. हिरव्या डहाळ्या, कुऱ्हाड आणि क्वचित मातीने भरलेली टोपली हीच त्याची सामग्री होती. वनावरील हक्क ज्या प्रमाणात आकसत गेले, त्या प्रमाणात या दलाचा उत्साहही आटत गेला असल्यास नवल नाही.

वणव्याचा पूर्ण प्रतिबंध हितकारक आहे किंवा नाही, याविषयी वनशास्त्रज्ञांतही एकमत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांच्या अनुभवावरून काही अधिकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले, की आगीला संपूर्ण मज्जाव केल्याने सागाच्या नैसर्गिक पुनरुत्पत्तीस अडथळाच येतो. त्यातून हंगामाच्या प्रारंभी, पाला अर्धवट ओला असताना, मर्यादित क्षेत्र मुद्दाम सौम्यपणे जाळण्याची कल्पना पुढे आली. तथापि ओळीने दरवर्षी जळणाऱ्या जंगलात रोपे तग धरत नाहीत व जमिनीचा कस जातो, याबद्दल दुमत नाही.

अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्यांची जंगले १९५१ पर्यंत या सरकारी व्यवस्थेबाहेर होती. त्या वर्षी मालकी हक्क नष्ट करणाऱ्या कायद्याची अंमलबजावणी होऊन ती शासनाकडे आली आणि वनखात्याच्या देखरेखीखालील क्षेत्र एकाएकी वाढले. पहाऱ्याची माणसे मात्र त्या वेगाने वाढणे शक्य नव्हते. हंगामी अग्निरक्षक मजूर नेमण्याची प्रथा पुढे विस्तारली. दरम्यान बल्लारपूरच्या कागद गिरणीमुळे बांबूतोडीस, तर विडी उद्योगामुळे तेंदूपत्त्याच्या व्यापारास वेग आला.

आगीची कारणे : येथे वीज पडून लागलेली आग अपवादात्मक असते, बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालची जमीन स्वच्छ हवी असते आणि पाला झाडून काढण्यापेक्षा तो पेटवून देणे सोपे पडते. वेचणारा घरी परततो, ठिणगी मागे उरते. तेंदूच्या बाबतीत कारण वेगळे आहे. आग फिरल्यावर बुंध्यातून फुटणारी पालवी विडीसाठी चांगली, अशी समजूत असल्याने तोडणीपूर्वी जंगल पेटविले जाते. झुडपांची वेळेवर छाटणी केल्यास तशीच पालवी मिळते. पण छाटणीला मजुरी द्यावी लागते व काडीला लागत नाही. महाराष्ट्र शासनाने १९६९ च्या अधिनियमाने तेंदूच्या व्यापारावर नियंत्रण आणल्यावर संकलनाची घटके लिलावाने ठेकेदारांकडे जाऊ लागली. ज्याचा त्या जंगलाशी एका हंगामापुरता संबंध आहे, त्याने छाटणीचा खर्च टाळावा हे व्यवहारास धरूनच होते. यांखेरीज शेताचे बांध जाळणे, गवताची नवी फूट मिळविणे, विडी-सिगारेटची थोटके व रस्त्याकडेच्या चुली ही कारणेही आहेतच.

अग्निशामक बंब : महाराष्ट्रातील संघटित अग्निशमन सेवेचा विकास शहरांत झाला. संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा ही नगरपालिकांची बाब म्हणून नोंदलेली आहे. पंचायतींसंबंधीच्या अकराव्या अनुसूचीतील एकोणतीस विषयांत ती नाही, गौण वनोपज मात्र आहे. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमही मुख्यतः इमारतींचा विचार करतो. परिणामी ज्या गावांभोवती सर्वाधिक आगी लागतात, त्या गावांवर बंब बाळगण्याची जबाबदारी नाही व त्यासाठी हुकमी निधीही नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली यांसारख्या शहरांच्या नगरसंस्थांखेरीज खाणी, औष्णिक वीज केंद्र व मोठे कारखाने यांची अग्निशामक यंत्रणा हाच जिल्ह्यांचा मुख्य आधार राहिला. २०१५ मध्ये अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा इ. तालुक्यांच्या गावी नगरपंचायती आल्यावर तेथेही बंबाची मागणी करण्यास वैधानिक जागा निर्माण झाली.

शहरी सेवेत रूढ असलेल्या मोठ्या बंबात सु. ४,५०० लि. पाणी मावते. म्हणजे केवळ पाण्याचेच वजन साडेचार टन. त्यात सांगाडा, पंप, नळ्या व माणसे यांची भर. मिनिटास १,८०० लि. फेकणारा पंप पूर्ण क्षमतेने चालविल्यास ही टाकी अडीच मिनिटांत रिकामी होते. शहरात पुढचे पाणी रस्त्याकडेच्या जलयोजनेतून वा दुसऱ्या टँकरमधून मिळते. जंगलात ते मिळत नाही. पूर्वेकडील तालुक्यांत मालगुजारी तलाव पुष्कळ आहेत, पण मे महिन्यात त्यांतील बहुतेकांची पातळी इतकी खाली गेलेली असते, की अवजड वाहन काठाच्या गाळातच रुतावे. वनखात्याचे कच्चे रस्ते एका लाकडाच्या ट्रकाला पुरतील इतकेच रुंद असतात. वळण घेण्यास जागा नाही, नाल्यावर पूल नाही, आणि आग मार्ग बदलून मागे आली तर वाहन परतविता येत नाही. भरलेल्या टाकीतील पाणी हेलकावत असल्याने तिरप्या उतारावर वाहन उलटण्याचा धोका असतो, तो वेगळाच. टाकीत आडवे पडदे घालून हा हेलकावा कमी करता येतो. नाहीसा होत नाही.

मोठा बंब येथे निरुपयोगी आहे, असे मात्र यावरून ठरत नाही. त्याची जागा जंगलाच्या कडेला, आगारात व गावात आहे. रचलेल्या लाकडाची अथवा बांबूची आग ही पाचोळ्याच्या आगीहून सर्वस्वी भिन्न असते. ती खोलवर धुमसते, दिवसेंदिवस टिकते आणि तिला मुबलक पाणीच लागते. मे २०२२ मध्ये बल्लारपूरजवळील कळमना येथे कागद कारखान्याच्या लाकूड आगारास लागलेल्या प्रचंड आगीच्या वेळी ठिकठिकाणचे बंब बोलवावे लागले. सरकारी लाकूड आगारे, तेंदूपत्त्याची गोदामे व गवताने शाकारलेली घरे यांनाही हेच लागू आहे. एकाच जिल्ह्यात दोन प्रकारच्या आगी असताना एकाच प्रकारचे वाहन मागणे, ही वाहननिवडीतील नेहमी आढळणारी चूक होय.

परदेशांतील अनुभव : ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९३९ व १९४४ च्या भीषण वणव्यांनंतर ग्रामीण भागातील स्वयंसेवी दलांची एकत्रित संघटना १९४५ मध्ये स्थापन झाली. तेथे चारही चाकांना गती असणारे, काही हजार लिटर पाणी वाहणारे मध्यम बंब आणि त्यांच्या जोडीला हलक्या उघड्या मोटारीवर ठेवता-उतरविता येणारा, चारपाचशे लिटरांची टाकी व लहान पंप असलेला संच, अशी विभागणी झाली. चिलीमध्ये तर शहरांचीही अग्निशमन सेवा स्वयंसेवकच चालवितात; तेथील पहिले दल व्हालपाराइसो येथे १८५१ मध्ये स्थापन झाले. या देशांचे अनुकरण करताना दोन भेद लक्षात घ्यावे लागतात. निलगिरीच्या तैलयुक्त पानांची आग झाडांच्या शेंड्यांवरून जाते व तिच्यापुढे झाडणीचा उपयोग नसतो; आणि तेथील स्वयंसेवक हा बहुधा स्वतःची शेती, घर व मोटार असलेला शेतकरी असतो. गडचिरोलीतील वनमजुरापाशी यांतील थोडेच असते. त्याच्याशी अधिक साम्य कुमाऊँमधील वनपंचायतींचे आहे. १९३१ च्या नियमांनी गावाच्या ताब्यात दिलेल्या त्या वनांचे रक्षण गावकरी पायीच करीत आले.

जंगलात चालणारी साधने : अलीकडच्या काळात सर्वाधिक फरक पडला तो पाचोळा उडविणाऱ्या ब्लोअर यंत्राने. पेट्रोलवर चालणारे व पाठीवर अडकविता येणारे हे यंत्र मूलतः बागेतील पाने लोटण्यासाठी निघाले. त्याच्या झोताने आगीपुढील पाचोळा बाजूस सारून थोड्या वेळात लांब पट्टा मोकळा करता येतो. पूर्वी डहाळ्या व दाताळे घेऊन अनेक माणसांनी करावयाचे काम त्यामुळे तीनचार माणसांच्या तुकडीवर आले. झोत चुकीच्या दिशेने धरल्यास मात्र तो भात्याचे काम करतो आणि आग भडकते. म्हणून यंत्र चालविणाऱ्यामागे डहाळ्या व पाणी घेऊन चालणारे सोबती आवश्यक असतात. इंधनाचा डबा आगीपासून दूर ठेवणे हेही त्यांचेच काम.

पाण्याचा उपयोग यानंतर येतो. पट्टा मोकळा करून आग थांबविल्यावरही पोकळ खोडे, पडलेले ओंडके व बांबूच्या गड्ड्या आतून धुमसत राहतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याने पुन्हा पेट घेतात. त्यांना विझविण्यास थोडे पण नेमके पाणी पुरते. कापूस व धान पिकविणाऱ्या गावांत घरोघरी असलेला, सु. १६ लि. पाण्याचा पाठीवरचा फवारणी पंप या कामास उत्तम. फक्त तो कीटकनाशकापासून नीट धुतलेला असावा, कारण तापलेल्या विषाची वाफ विझविणाऱ्याच्याच नाकात जाते. आगीच्या जागेपर्यंत हे पाणी पोहोचविण्यास ट्रॅक्टर व त्यामागची पाण्याची टाकी हे गावातील परिचित वाहन उपयोगी पडते. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीच्या वाळूतून ट्रॅक्टर जेथे जातो, तेथे शहरी बंब जात नाही. त्याचा सुटा भाग तालुक्याला मिळतो, दुरुस्ती गावाजवळ होते आणि उरलेले आठ महिने तो शेतीत राबतो. त्याची गती कमी हा दोष आहे. पण रुतलेल्या वेगवान वाहनापेक्षा तो बरा. ज्या दलास स्वतंत्र वाहन घेणे परवडते, त्याने चारही चाकांना गती असलेली हलकी मालमोटार, चारपाचशे लिटरांची उतरविता येणारी टाकी, उच्च दाबाचा लहान पंप व लांब रबरी नळी असा संच घ्यावा आणि पाण्याइतकीच जागा माणसे, ब्लोअर व पिण्याचे पाणी यांसाठी राखावी. या जंगलात वाहनाचे पहिले काम माणसे वेळेवर पोहोचविणे हे असून पाणी वाहणे हे दुसरे होय.

वेळेचे महत्त्व उपग्रहांमुळे वाढले. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या जागा टिपून राज्यांना कळवीत आली आहे. २०१७ पासून वापरात आलेल्या संवेदकाची सूक्ष्मता सु. ३७५ मी. इतकी असल्याने लहान आगीही दिसू लागल्या. सूचना वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर येते. पण भामरागड वा एटापल्लीच्या अंतर्भागात भ्रमणध्वनीचा संपर्क पुष्कळदा तुटक असतो आणि उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमधील अवधीत आग बरीच पुढे गेलेली असते. डोंगरावरील मचाण व गावातून दिसणारा धूर यांचे मोल त्यामुळे कमी झालेले नाही.

साधनांच्या निवडीत आणखी दोन गोष्टी मोजाव्या लागल्या. १९८० नंतर गडचिरोलीच्या दक्षिण व पूर्व भागांत नक्षलवादी चळवळ पसरल्यावर सरकारी वाहने व लाकूड आगारे जाळली जाऊ लागली. रात्री खात्याचे वाहन घेऊन अंतर्भागात शिरणे धोक्याचे बनले आणि पायी जाणाऱ्या स्थानिक मजुरांवरील भार वाढला. चंद्रपूरच्या बाजूस, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आणि ब्रह्मपुरी वनविभाग यांच्या परिसरात, वाघांच्या वाढत्या संख्येमुळे एकट्यादुकट्याने पहाटे अथवा तिन्हीसांजेस जंगलात जाणे जिवावर बेतते. आगीची बगल धरण्यास जी वेळ सर्वांत अनुकूल, तीच येथे सर्वांत भयाची असते. त्यामुळे तुकडीने जाणे आणि माणसांना थेट आगीजवळ उतरविणारे वाहन असणे, ही चैन न राहता गरज ठरते.

ग्रामसभा : १६ मार्च १९९२ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात संयुक्त वनव्यवस्थापन सुरू होऊन गावोगावी वनसमित्या स्थापन झाल्या व वणवा-निवारण हे त्यांच्या मुख्य कामांपैकी एक ठरले. मूलभूत बदल झाला तो २००६ च्या वनहक्क अधिनियमाने. त्याच्या कलम ३ अन्वये सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क गावसमाजास मिळाला, तर कलम ५ अन्वये वन व वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेकडे आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावास सु. १,८०९ हेक्टर वनावरील सामूहिक हक्काचा अभिलेख २००९ मध्ये मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे सोपविण्यात आला. बांबूचे बेट जळाले तर ते ग्रामसभेच्या उत्पन्नातून जाते, हा हिशेब त्यानंतर समजावून सांगावा लागत नाही. जुन्या कायद्याने जे कर्तव्य हक्काच्या बदल्यात लादले होते, ते येथे मालकीच्या ओघात आले.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावास २०१२ मध्ये सु. १,००६ हेक्टरांवर असाच हक्क मिळाला. तेंदूपत्ता हे हातात रोख पैसा देणारे पीक असूनही, त्यासाठी झाडांची तोड होते व जंगल जाळले जाते, म्हणून तेथील ग्रामसभेने त्याचे संकलन न करण्याचे ठरविले आणि बांबूच्या उत्पन्नावर भर दिला. वणव्याचे कारणच काढून टाकणारा हा निर्णय कोणत्याही वाहनाच्या खरेदीहून अधिक परिणामकारक मानावा लागेल. मात्र सर्वच गावांना तो परवडणारा नाही. २०१४ च्या पेसा नियमांनंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या असून त्यांच्या वार्षिक मिळकतीत त्याचा वाटा मोठा आहे. अशा ठिकाणी छाटणीची मजुरी, हंगामी रखवालदार, ब्लोअरचे इंधन आणि ट्रॅक्टरचे भाडे हे खर्च त्याच विक्रीतून काढावयाचे की वनखात्याने उचलावयाचे, याचे उत्तर गावागणिक वेगळे मिळते.